जेऊरकर सरांच्या वाट्या

जेऊरकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या गृहस्थांना ऐकू येत नाही.

ते १९७४ साल. सोलापूरच्या मुरारजी पेठेतल्या बैठ्या घरांच्या एका ओळीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. विरजणाला चमचाभर दही मागावं, त्या निमित्तानं शेजारही पाहून घ्यावा, म्हणून मी वाटी घेऊन बाजूच्या घरी गेले. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत चाळिशीचे एक गृहस्थ सतरंजीवर मांडी घालून बसले होते. त्यांच्यासमोर स्टीलच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक वाटीला बाहेरून कागदाचा तुकडा चिकटवलेला आणि त्यावर एकेक इंग्रजी अक्षर. भिंतीला टेकून कॉलेजातला एक विद्यार्थी हातात कागद घेऊन उभा होता.

"दही मिळेल का थोडं?" मी विचारलं.

गृहस्थांनी मान वर केली नाही. एका वाटीतली चिठ्ठी उचलली, वाचली, शेजारचं लॉग टेबल उघडलं, पेन्सिलीनं नवीन चिठ्ठी लिहिली आणि दुसऱ्या वाटीत टाकली. त्या वाटीतली जुनी चिठ्ठी चुरगळून मागं फेकली. मग हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडं पाहत बसले. विद्यार्थी माझ्याकडं बघून ओशाळं हसला.

मी तशीच आत गेले. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी, रुक्मिणीबाई, कोथिंबीर निवडत होत्या. मी हळूच विचारलं, "त्यांना बरं नाही का?"

"बरे आहेत की," त्या म्हणाल्या. "आत्ता यंत्र आहेत. जेवायच्या वेळी माणूस होतील."

त्यांनी दही दिलं. देताना माझ्या वाटीकडं जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगली खोलगट आहे हो तुमची वाटी. पुढच्या खोलीतनं जाताना झाकून न्या."

वेणीमाधव जेऊरकर मूळचे जेऊरचेच. वडील शेती करायचे. जेऊरला रेल्वे स्टेशन असल्यामुळं हा मुलगा गाडीत बसून शिकायला सोलापूरला आला आणि इथंच कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला, एवढं ते स्वतःबद्दल सांगायचे. उंची बेताची, शर्ट कायम अर्ध्या बाह्यांचा, कानावर पेन्सिल. भाकरीवर शेंगाचटणी आणि कच्चं तेल असलं की आणखी काही मागायचे नाहीत. एका उन्हाळ्यात ते पुण्याला प्राध्यापकांच्या शिबिराला गेले आणि कॉम्प्युटरला आज्ञा कशा लिहायच्या ते शिकून आले. येताना त्यांनी भोकं पाडलेल्या वापरलेल्या कार्डांचं एक खोकं आणलं. रुक्मिणीबाई त्या कार्डांच्या मागच्या बाजूला किराणा लिहायच्या. माझ्याही पोथीत खूण म्हणून एक कार्ड बरीच वर्षं होतं.

सोलापुरात तेव्हा विद्यार्थ्यांना हात लावायला मिळेल असा कॉम्प्युटर नव्हता. सरांनी त्यावर उपाय काढला होता. रविवारी सकाळी ते आवड असलेल्या मुलामुलींना घरी शिकवायचे. मुलं आज्ञा कागदावर लिहायची. सर महिन्यातून एकदा गाडीनं पुण्याला जायचे, तिथल्या केंद्रात त्या कागदांवरून कार्डं पंच करून घ्यायचे, आणि पुढच्या खेपेला ती कार्डं यंत्रात घालून उत्तराचा कागद घेऊन यायचे. एक स्वल्पविराम चुकला तरी महिना वाया जायचा. म्हणून कागद पुण्याला जाण्याआधी सर स्वतः यंत्र व्हायचे.

मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवायची. मुलांच्या वह्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण चुका दाखवायची अशी तऱ्हा मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. सर विद्यार्थ्याच्या कागदावर लाल शाईनं काही लिहीत नसत. आधी कागद पूर्ण वाचत आणि जे खरोखर चांगलं असेल ते एक सांगत. खोटं कौतुक करत नसत. काहीच चांगलं नसलं तर म्हणत, "अक्षर वाचता येतं." मग वाट्या मांडत. प्रत्येक वाटीत एक आकडा राहणार. विद्यार्थ्यानं आपली एकेक ओळ वाचायची आणि सरांनी तेवढंच करायचं. लिहिलेलं नसेल ते करायचं नाही, आणि लिहिलेलं असेल ते कितीही वेडेपणाचं असलं तरी करायचं. एकानं वाटीत पहिला आकडा टाकायची आज्ञाच लिहिली नव्हती. सर रिकाम्या वाटीत बोट घालून बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्यानं थांबायची आज्ञा लिहिली नव्हती, तर सर तेच गणित पुन्हा पुन्हा करत राहिले. चहा गार झाला, पाहुणे येऊन गेले.

"अहो, उठा की आता," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

विद्यार्थी घाबरून म्हणाला, "काकू, मी थांबायचं लिहिलंच नाही."

"मग लिही की बाबा. माझी आमटी वाढायची आहे, वाट्या सगळ्या ह्यांच्यापुढं."

एकदा तर रुक्मिणीबाईंनी घाईत नेमकी एक्सची वाटी उचलून त्यात लोणचं काढलं. सरांनी जागेवर हात घातला, वाटी नाही. ते तसेच हात अधांतरी ठेवून बसले. त्या दिवशी जेवायला मी तिथंच होते, आणि एक्सची वाटी माझ्याच पानात आली होती.

दाक्षायणी म्याकल ही माझी शाळेतली विद्यार्थिनी. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहणारी. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत प्रश्न विचारायची सवय. भूगोलाच्या तासाला तिनं मला विचारलं होतं, "बाई, नदी खाली वाहते हे ठीक, पण खाली कुठं आहे ते तिला कोण सांगतं?" ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा मीच तिला सरांच्या रविवारच्या वर्गात आणून बसवलं.

तिचे वडील नरसय्या चादरीच्या एका कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. सोलापूरच्या चादरीवरचं फूल कसं उठतं ते इथल्या सगळ्यांना माहीत असतं. भोकं पाडलेले लांबट पुठ्ठे दोरीनं एकमेकांना ओवून त्यांची माळ मागावर चढवतात. पुठ्ठ्यांच्या क्रमानं फूल विणलं जातं. नरसय्यांचा हात त्या ओवण्यात बसलेला होता. बोलायला मोकळे, रागवायला थोडे, आणि मुलीचा अभिमान तोंडभर.

त्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेनं कॉम्प्युटर शिकवायचा वर्षाचा वर्ग काढला. अर्जासोबत स्वतः लिहिलेलं काम आणि ते यंत्रावर चालवून आलेलं उत्तर जोडायचं होतं. दाक्षायणीला तिथं जायचंच होतं. नरसय्या म्हणाले, "निवड झाली तर पाठवतो, माझी ना नाही. नाही झाली तर हितंच बी.एड. कर. तुझ्या बाईंसारखी बाई हो."

हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. दाक्षायणीनं माझ्याकडं पाहिलं आणि घाईनं म्हणाली, "बाई होणं वाईट नाही, बाई. पण मला ते व्हायचं नाही."

तिनं विषय निवडला तो घरचाच. तिच्या मामांचा सुताला रंग द्यायचा कारखाना होता. तिथं दोन फूट व्यासाचं एक पिंप लाकडी घोडीवर आडवं ठेवलेलं असायचं. आत रंग किती उरला ते काठी बुडवून पाहायचे. पिंप उभं असतं तर काठीवर सारख्या अंतरावर खुणा चालल्या असत्या. आडव्या पिंपात तसं नसतं. पोटाशी रुंद, तळाशी आणि माथ्याशी अरुंद. पाव पिंप भरलं तर काठी किती भिजेल, याचं सरळ सूत्र निघत नाही. एक अंदाज धरायचा, तपासायचा, सुधारायचा, पुन्हा तपासायचा. दोन अंदाजांतला फरक नगण्य झाला की थांबायचं. हे सुधारत जाणं दाक्षायणीनं कॉम्प्युटरला करायला लावलं होतं. ती पहिला अंदाज बरोबर मधला, म्हणजे अर्ध्या पिंपाचा धरायची.

सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "काठीचा प्रश्न घेतलास हे चांगलं. उत्तर चुकलं तर मामाला लगेच कळेल."

मग वाट्या मांडल्या. पाव पिंपाचं उत्तर काढलं, बरोबर आलं. त्याहून कमी भरलेल्याचं काढलं, तेही बरोबर आलं. कागद पुण्याला गेला आणि सर परत येताना पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आले. सरांनी तो दाक्षायणीला दिला. "प्रत्येक कार्ड कागदाशी ताडून बघ. शुक्रवारी मी पुण्यात कार्डं चालवतो, शनिवारी तिथंच अर्ज देतो." शनिवार ही अर्जाची शेवटची तारीख होती.

बुधवारी दुपारी मी शाळेतून आले तर सरांच्या दारात नरसय्या उभे. माग बंद ठेवून आले होते. खांद्यावरून पुढं-मागं काहीतरी लांब लोंबत होतं. मला आधी वाटलं, जेकार्डची माळच आहे. मागं दाक्षायणी, तोंड एवढंसं झालेलं.

"सर, तुमी पण कमाल करता," नरसय्या म्हणाले. "सुटी कार्डं दिली पोरीच्या हातात. एक खाली पडलं, मागचं पुढं झालं, तर? फुलाची पाकळी देठाला लागंल की. म्हणून बसलो आणि ओवून टाकली. आता जोरात ओढा, एक हलणार न्हाय."

आणि त्यांनी ती माळ सरांच्या हातात दिली. कॉम्प्युटरचं प्रत्येक कार्ड, दोन्ही कडांना नवीन भोकं पाडून, मेणाच्या दोऱ्यानं एकसारखं ओवलेलं. काम इतकं नेटकं होतं की त्याकडं बघत राहावं.

"मी कॉलेजात होते, बाई," दाक्षायणी माझ्या कानाशी पुटपुटली. "घरी आले तेव्हा शेवटची गाठ मारत होते."

सरांनी माळ दोन्ही हातांवर घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक कार्ड पाहिलं. मग त्यांनी जे कोणाही विद्यार्थ्याला केलं असतं तेच केलं. आधी खरं असलेलं चांगलं सांगितलं.

"क्रम एकाही ठिकाणी चुकलेला नाही, नरसय्या. आणि गाठ अशी मला जन्मात येणार नाही."

"मग," नरसय्या खुश झाले.

"पण मागाला माळ लागते. ह्या यंत्राला सुटी कार्डं लागतात. आणि ते भोकंच वाचतं. तुम्ही पाडलेलं भोकही ते अक्षर म्हणून वाचणार."

नरसय्यांनी माळेतल्या एका भोकावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "दोरा काढून भोकं बुजवली तर?"

"नाही जमायचं."

"म्हंजे पोरीचं पुणं गेलं माझ्या हातानं."

"नायना, असं नका बोलू," दाक्षायणी वडिलांना म्हणाली.

रुक्मिणीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, माळ पाहिली आणि म्हणाल्या, "अगंबाई, दिवाळीला दारावर लावायला किती छान." कोणी हसलं नाही. मग सरच हसले.

"मूळ कागद आहे ना तुझ्याकडं?" त्यांनी दाक्षायणीला विचारलं. होता. "मग मी शुक्रवारच्या ऐवजी उद्या सकाळच्याच गाडीनं निघतो. उद्या बसून नवीन कार्डं पंच करून घेतो, परवा चालवतो. पुणं कुठं जात नाही. आता सगळं नव्यानंच करायचं आहे, तर जाण्याआधी पुन्हा एकदा वाट्या मांडू. बसा, नरसय्या. आकडा तुम्हीच द्या. पिंप किती भरलंय म्हणू?"

नरसय्यांना वाटलं, आपल्याकडून आज एक अशुभ झालंच आहे, आता तोंडातनं तरी चांगलं निघावं. ते म्हणाले, "रिकामं, अर्धं कशाला म्हणायचं, सर. पूर्ण भरलेलं म्हणा."

"नायना, भरलेलं कोण मोजतं? उत्तर माहीतच आहे की," दाक्षायणी म्हणाली.

पण सर तोवर यंत्र झाले होते. वाटीत चिठ्ठी पडली होती. पिंप पूर्ण भरलेलं.

दाक्षायणीनं ओळी वाचायला सुरुवात केली. सरांनी मधला अंदाज धरला, टेबल पाहिलं, आकडेमोड केली, नवा अंदाज लिहिला, फरक काढला. आणि एकाच फेरीनंतर थांबले. उत्तराची चिठ्ठी पुढं सरकवली. साडेवीस इंच.

नरसय्यांनी ती हातात घेतली. "पिंप दोन फुटी. म्हंजे चोवीस इंच. भरलेल्या पिंपात साडेतीन इंच कुटं गेलं?"

दाक्षायणी चिठ्ठीकडं बघत राहिली. "सर, तुम्ही लवकर थांबलात."

यंत्र भिंतीकडं बघत होतं.

"सर, एवढ्यात कसं थांबता? अजून सुधारायला पाहिजे होतं."

तिनं सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या, सरांनी पुन्हा तेच केलं, पुन्हा साडेवीस. नरसय्या रुक्मिणीबाईंकडं बघू लागले. त्यांना हा प्रकार नवीन होता.

"अहो, सकाळी गाडी आहे," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पोरीचा जीव टांगणीला लागलाय. काय चुकलंय ते तुम्हाला दिसलं असेल तर सांगून टाका."

सर बोलले नाहीत. पण मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सारखा हलत होता. वर्गात फळ्याशी उभी मुलगी उत्तराच्या अगदी जवळ आली आणि आपण तोंड उघडायचं नाही असं ठरवलं, की माझी बोटं पदराशी अशीच चाळा करायची. तेव्हा मला कळलं की सरांना दिसलं आहे, आणि गप्प राहणं त्यांना जड जातंय.

दाक्षायणी खाली बसली. या वेळी तिनं ओळी भरभर वाचल्या नाहीत. एक ओळ वाचायची, सर करायचे, आणि मग ती प्रत्येक वाटीत डोकावून बघायची. फरकाच्या वाटीशी आली आणि चिठ्ठी उचलली.

"उणे आहे," ती म्हणाली.

अंगठा थांबला.

"मी लिहिलंय, जुना अंदाज वजा नवा अंदाज, हा फरक एका सहस्रांशाहून कमी झाला की थांब. पाव पिंपाला अंदाज मधनं खाली उतरत येत होता. जुना मोठा, नवा लहान. पण भरलेल्या पिंपाला अंदाज वर चढतो. नवाच मोठा. मग वजाबाकी उणे येते. आणि उणे आकडा तर..." ती हसायला लागली. "सहस्रांशाहून कमीच असणार. सर बिचारे थांबणारच की."

"म्हंजे काय झालं?" नरसय्यांनी मला विचारलं.

मला जितकं समजलं तितकं मी सांगितलं. पिंपाच्या खालच्या अर्ध्या भागासाठी हिचं काम बरोबर होतं, वरच्या अर्ध्यासाठी चूक. ती माळ आज झाली नसती, तर हीच चूक पुण्याला गेली असती.

दाक्षायणीनं खोडलं आणि लिहिलं की फरकाचं चिन्ह बघायचंच नाही, उणे असो वा अधिक, फक्त केवढा आहे ते बघायचं. एका छोट्या शब्दाची दुरुस्ती. सरांनी पुन्हा वाट्या चालवल्या. या वेळी ते एका फेरीत थांबले नाहीत. भरलेल्या पिंपाला फेऱ्या पुष्कळ लागतात असं दिसलं. रुक्मिणीबाईंनी कांदे चिरून घेतले, आमटीला फोडणी दिली, नरसय्यांना चहा दिला. शेवटी सरांनी चिठ्ठी पुढं केली. चोवीसला जेमतेम केसभर कमी.

मग सरांनी मान वळवली आणि ते माणूस झाले.

"तू दोन्ही वेळा मला दोष दिलास," ते दाक्षायणीला म्हणाले. "तिसऱ्या वेळी वाटीत बघितलंस. पुढच्या वेळी पहिल्यांदाच बघ. आणि ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे, ते सगळ्यात आधी विचारत जा. माझंही चुकलं. मी पाव आणि त्याहून कमी एवढंच चालवलं होतं. मलाही ही चूक आजच दिसली."

"पण तुमी बोलला का न्हाय, सर?" नरसय्यांनी विचारलं. "पोरगी किती घाबरली."

"पुण्याला मी नसणार की, नरसय्या."

नरसय्यांना ते पटलं. जाताना त्यांनी माळ परत न्यायला उचलली, तेव्हा रुक्मिणीबाई आडव्या आल्या. "ती राहू द्या. दिवाळीला लावायची म्हटलंय मी." आणि खरोखरच त्या वर्षी आमच्या ओळीत फक्त जेऊरकरांच्या दारावर भोकाभोकांच्या कार्डांचं तोरण होतं. येणारा-जाणारा विचारायचा आणि सर प्रत्येकाला पिंपापासून सगळं सांगायचे. नरसय्या त्या वेळी तिथं असले तर मध्येच म्हणायचे, "ओवलं कोणी ते पण सांगा की."

सर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. शनिवारी अर्ज दिला गेला. दाक्षायणीची निवड झाली आणि जूनमध्ये ती पुण्याला राहायला गेली. मामांच्या कारखान्यात तिच्या खुणांची काठी आली. पहिल्या सुट्टीत ती मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, तिथं यंत्र खरंच काही बोलत नाही. मला सवय होती म्हणून बरं. बाकीची मुलं त्याच्यावर चिडतात."

सर निवृत्त झाल्यावर ते दोघं जेऊरला धाकट्या भावाच्या शेजारी घर बांधून राहायला गेले. आता सरांचे गुडघे दुखतात. खाली मांडी घालता येत नाही, म्हणून गावातली मुलं कागद घेऊन आली की ते खुर्चीत बसून यंत्र होतात, आणि वाट्या स्टुलावर मांडतात.